लाईन, जवस आणि आप्पांची दोरी

मी तळोद्यात इंग्रजी शिकवते, त्यामुळे शब्दांच्या मागे लागायची मला खोड आहे. सध्या 'लाईन'ने पछाडलंय. हा शब्द आमच्याकडे कुठे नाही? वीज आली की लाईन आली, गेली की लाईन गेली. खांडबाऱ्यात कुणाचं घर विचारलं तर "लाईनच्या तिकडे" म्हणतात, म्हणजे रुळांपलीकडे. शेतात ठिबकची लाईन फुटते, दवाखान्यात लाईन लागते, आणि नोकरी मिळाली की वाया गेलेलं पोरगंही लाईनीला लागतं. कॉलेजच्या फाटकाशी लाईन मारणारे वेगळेच. त्यांच्याबद्दल मी वर्गात बोलत नाही.

हे सगळं आलं कुठून, म्हणून जाडा शब्दकोश काढला. पाहते तर काय, मूळ निघालं जवसात! जवसाच्या खोडातून धागा निघतो, त्याचा दोरा वळतात. त्या दोऱ्याचं जुनं लॅटिन नाव म्हणजे ही लाईन. दोरा ताणला की सरळ रेघ दिसते, म्हणून पुढे रेघेलाही तेच नाव पडलं. मला इतका आनंद झाला की रविवारी म्हसावदला माहेरी गेले ती हेच सांगायला.

तिथे पपई लावायची गडबड होती. आमच्या वावरात पहिली ओळ दरवर्षी आप्पा, म्हणजे माझे वडील, आखतात. दोन टोकांना खुंट्या, मधे दोरी, आणि एक डोळा मिटून बघणारे आप्पा. बाकीच्या सगळ्या ओळी त्या एकीवरून. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही यंदा त्यांना नीट दिसत नाही. भाऊ म्हणाला, "आप्पा, तुम्ही बांधवर बसा. ट्रॅक्टर लाईन पाडी देई."

आप्पांचा चेहरा उतरला. मला भावाचा रागच आला. वावरातून माणसाला असं उठवतात का? विषय बदलावा म्हणून मी जवसाची गोष्ट सांगितली. आप्पांनी कान देऊन ऐकली.

"जवसना दोरा? मंग हाऊ शब्द बी वावरनाच शे," ते म्हणाले आणि दोरी घेऊन उठले. "जवलोंग हात चालतस, तवलोंग पहिली लाईन मीच आखसू."

त्यांनी आखली. दोरी ताठ होती, पण पलीकडची खुंटी पार बांधाला खेटली होती. ओळ तिरकी जाणार हे मला लांबूनही दिसत होतं.

"बराबर शे ना?" आप्पांनी विचारलं.

भाऊ त्या खुंटीपाशी जाऊन उभा राहिला. पायाने सरकवली असती तरी आप्पांना कळलं नसतं. 

"बराबर शे, आप्पा," तो म्हणाला, आणि तिथेच पहिला खड्डा घेतला.

आता झाडं कमरेएवढी झाली आहेत. सगळं वावर तिरकं. जाणारे-येणारे हसून विचारतात, "हाई वाकडी लाईन कोणी पाडी?"

भाऊ म्हणतो, "मी."