एका टेबलावर एकच गोम

मामांनी आयुष्यात फक्त विद्यार्थ्यांना फसवलं, आणि तेही आधी सांगूनसवरून. एकतीस वर्षं ते आमच्या कॉलेजात लॅब असिस्टंट होते, सगळ्या कॉलेजाचे मामा. त्यातली एकोणीस वर्षं, आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र स्पर्धेसाठी देशभरातून निवडून आलेल्या अकरावी-बारावीच्या पोरांची प्रॅक्टिकलची तयारी त्यांनीच करून घेतली. पदवी नाही की काही नाही. निळा डगला, खिशात टेस्टर, कानामागे पेन्सिल. आम्ही थिअरीवाले फळेच्या फळे भरून टाकायचो आणि पोरं घरी गेल्यावर पत्रं लिहायची ती मामांना. जळायचे मी, खोटं कशाला बोलू?

मीही त्यांचीच विद्यार्थिनी. सोळाव्या वर्षी माझ्या हातून एका तासात तीन बल्ब उडाले, तेव्हा त्यांनी माझं नाव ‘घाई’ ठेवलं ते ठेवलंच. पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले, केस पिकले, तरी भर स्टाफरूममध्ये हाक यायची, “ए घाई, तो व्होल्टमीटर कुठे मेला?”

त्यांची पद्धत अशी होती. प्रत्येक टेबलावर ते मुद्दाम एक गोम ठेवायचे. कुठे तराजूचा शून्य सरकवलेला, कुठे स्टॉपवॉच सुस्त, कुठे वायर वरून धडधाकट आणि आतून तुटलेली. कोणती गोम कुठे, ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी एका रिकाम्या काडेपेटीत घालायचे आणि काडेपेटी टेबलाच्या कोपऱ्यात ठेवायचे. प्रयोग संपला की पोरांनी गोम सांगायची, मग सगळ्यांसमोर काडेपेटी उघडायची. गोम सापडली तर पूर्ण मार्क, नाहीतर बाकी प्रयोग कितीही सुंदर असो, भोपळा.

यामागे एक जुनी जखम होती. फार पूर्वी ते टीमबरोबर परदेशी गेले होते. स्पर्धेत मार्गदर्शकांना आणि पोरांना वेगवेगळं ठेवतात, पेपर संपेपर्यंत एकमेकांचं तोंड दिसत नाही. आमच्या एका पोराच्या मीटरची बॅटरी मेलेली निघाली. पाच तास तो मीटर वाट्टेल ते आकडे दाखवत राहिला आणि पोरगा ते इमानेइतबारे उतरवत राहिला. पदक गेलं. परत आल्यावर मामा आठवडाभर धड जेवले नव्हते. “डोळ्यांपेक्षा यंत्राचं ऐकलं गाढवानं,” एवढंच म्हणत राहिले. दुसऱ्या वर्षापासून गोमा सुरू झाल्या.

त्यांचे नियम दोनच होते. एका टेबलावर एकच गोम. आणि भिंतीतल्या विजेशी खेळ नाही, तीन पिनांच्या वायरीला गोम लावायची नाही म्हणजे नाही. “पोरांना फसवायचं, मारायचं नाही,” ते म्हणायचे.

त्यांचं ते शेवटचं शिबिर होतं. दहा दिवसांचं, आठ पोरं, त्यातली पाच टीममध्ये जाणार. दहाव्या दिवशी मामांचा निरोपसमारंभ, आणि मग निवृत्ती. शिबिराच्या आदल्या दिवशी मामींचा फोन आला. मामी म्हणजे मामांची बायको. कधी फोन न करणारी बाई.

“घाई, जरा लक्ष ठेव गं यांच्यावर. रविवारी दोनदा लॅबला गेले. का गेलो ते परत येऊन मलाच विचारतात. गॅस चालू ठेवतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर येतात. एवढे दहा दिवस नीट पार पडू देत, मग घरीच आहेत. कुणाला बोलू नकोस.”

“नाही बोलणार,” मी म्हटलं. मी मूळची फटकळ, पोटात काही राहत नाही माझ्या. पण हे ठेवलं, आणि ठेवताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं, चुलीत घाला ते कौतुक.

त्या आठांत एक मुलगी होती. तिला आम्ही टिपकागद म्हणायचो, कारण बोललेलं प्रत्येक अक्षर ती शोषून घ्यायची. तिची आई बसमध्ये कंडक्टर. पोरगी बारीक, शांत, नखं कुरतडणारी, आणि टेबलाजवळ उभी राहिली की पहिली दहा मिनिटं हात मागे बांधून नुसती बघत राहायची. मामा खूश व्हायचे. “बघ, घाई, असं बघता आलं असतं तर तुझे तीन बल्ब वाचले असते.” तिसऱ्या दिवशी ती मार्कांच्या यादीत दुसरी होती.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, “मामा, इथे दोन गोमा आहेत. तराजूचा शून्य सरकलाय, आणि थर्मामीटर दोन अंश जास्त दाखवतोय.”

मामा हसले. काडेपेटी उघडली. चिठ्ठीवर तराजू होता. “एका टेबलावर एकच गोम, बाळ. घाबरलेल्याला दोन-दोन दिसतात.” तिचे निम्मे मार्क कापले गेले.

सगळे जेवायला गेल्यावर मी थर्मामीटर बर्फात बुडवून पाहिला. दोन अंश. काचेच्या नळीमागची पट्टी कुणीतरी अगदी सफाईने सरकवली होती, आणि तशी सफाई त्या इमारतीत एकाच माणसाच्या बोटांत होती. एक गोम लावून झाली हे विसरून त्यांनी दुसरी लावली होती. थर्मामीटर मी माझ्या खणात टाकला आणि खणाला कुलूप घातलं.

सहाव्या दिवशी उलटं झालं. टिपकागद तासभर टेबलाभोवती फिरली आणि शेवटी म्हणाली, “इथे गोम नाही.”

मामांचा चेहरा लाल झाला. असे ते कधी चिडत नसत. “गोमा सुरू केल्यापासून माझं टेबल कधी साधं गेलेलं नाही!” काडेपेटीत चिठ्ठी होती: स्टॉपवॉच सुस्त. भोपळा. टिपकागद दुसऱ्या नंबरावरून थेट सहाव्यावर आली. टीममध्ये पाच जातात.

ती माझ्यापाशी आली. आवाज अगदी खाली. “बाई, स्टॉपवॉच बरोबर आहे. मी भिंतीवरच्या घड्याळाशी तीनदा ताडून पाहिलं. तुम्ही एकदा बघाल?”

मी आधीच बघितलं होतं. स्टॉपवॉच चोख होतं. पहाटे लवकर येऊन मामांनी ते ‘बिघडलंय’ म्हणून दुरुस्त केलं होतं, शिपायाने मला सांगितलंही होतं. आणि मी त्या पोरीच्या डोळ्यांत बघून म्हटलं, “बघितलं मी. मामांचं बरोबर आहे.”

तिने मान हलवली. नुसती मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली. मी मनाशी हिशेब केला की निरोपसमारंभ झाला, हार पडले, टाळ्या वाजल्या की दुसऱ्याच दिवशी निवड समितीला सगळं सांगायचं आणि हिचे मार्क परत मिळवून द्यायचे. चारच दिवसांचा प्रश्न. मामांची अब्रूही राहील आणि पोरीची जागाही. साप भी मरे और लाठी भी न टूटे! पण त्या चार दिवसांत ती पोरगी काय शिकत होती, हे मला शिकवण्याचा धंदा करूनही कळलं नाही.

आठव्या दिवशी शेवटचं प्रॅक्टिकल होतं. धातूच्या भांड्यात पाणी, पाण्यात हीटर, आणि पाणी किती वेगाने तापतं-निवतं ते मोजायचं. हीटर जुने, थेट भिंतीतल्या विजेवर चालणारे. सकाळी साडेआठला मी लॅबमध्ये शिरले तर मामा तीन नंबरच्या टेबलाखाली ओणवे. हातात स्क्रू ड्रायव्हर, बाजूला हिरव्या वायरीचा तुकडा.

“काय करताय?”

“या भांड्याची अर्थिंगची वायर कुजली होती, काढून टाकली. हीटरही म्हातारा झालाय, जरा गळतो. अर्थिंग नसेल तर भांड्यालाच करंट येईल. नवी टाकतो.”

तेवढ्यात दारातून क्लार्कने हाक मारली. समारंभासाठी मामांचा फोटो काढायचा होता, फोटोग्राफर थांबला होता. मामा उठले, गुडघे झटकले, डगला नीट केला आणि गेले. परत आले तेव्हा सरळ काडेपेट्या मांडायला लागले.

मला आठवत होतं. मी तिथेच उभी होते. दोन पावलं टाकून खाली वाकले असते तर झालं असतं. पण आठही पोरं आत आली होती, आणि मी मामांच्या मागून टेबलं तपासत फिरते आहे हे त्यांनी बघितलं असतं. मामांनी बघितलं असतं. त्यांनी टाकलीच असेल वायर, मी म्हटलं. एकतीस वर्षांचे हात आहेत. घंटा झाली. तीन नंबरला टिपकागद होती.

पहिली दहा मिनिटं ती हात मागे बांधून उभी राहिली. मग कामाला लागली. विसाव्या मिनिटाला मी पाहिलं, तिने बोटांच्या पाठीने भांड्याला हळूच स्पर्श केला आणि हात मागे घेतला. थोडा वेळ बोटांकडे बघत राहिली. कागदावर काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडे बघितलं.

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

चाळिसाव्या मिनिटाला तिने भांडं धरलं. ओला उजवा हात भांड्यावर, दुसरा नळाच्या तोटीवर. ओरडलीसुद्धा नाही ती. फक्त उभी राहिली, ताठ, आणि सुटेना. पोरं बघत राहिली. मी बघत राहिले.

मामा धावले. हो, तेच धावले. तिला हात न लावता, तिच्याकडे न बघता सरळ दाराजवळच्या मेन स्विचवर गेले आणि खटका खाली ओढला. मग येऊन तिला जमिनीवर आडवी केली, छातीला कान लावला, दाबायला सुरुवात केली, मोठ्याने आकडे मोजत. एकही आकडा चुकला नाही. काय खाल्लं, कुठे निघालो, हे विसरणारा माणूस, पण एवढं विसरला नव्हता. पोरगी त्यांच्यामुळे वाचली, हे मी कुठेही सांगेन.

मग ते टेबलाखाली वाकले आणि वर आले ते ओरडतच. “अर्थिंग काढलंय! कुणी काढलं? कोण तो हरामखोर?” आणि त्यांच्या डगल्याच्या खिशातून हिरवी वायर, नवी कोरी, बोटभर बाहेर लोंबत होती. पोरांनी बघितली. टेबलाच्या कोपऱ्यातल्या काडेपेटीत चिठ्ठी होती: तराजू.

टिपकागदाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तिची आई ड्युटीवरूनच हॉस्पिटलला आली, तिकिटांचं मशीन गळ्यात तसंच. “कुठला हात?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, “उजवा.” ती भिंतीला टेकून खाली बसली.

मी समितीपुढे सगळं ओकले. थर्मामीटर, स्टॉपवॉच, मामींचा फोन, माझं खोटं. टिपकागदाचे मार्क परत मिळाले, ती यादीत पहिली आली. टीम तीन आठवड्यांनी निघाली तेव्हा ती तिसऱ्या ऑपरेशनसाठी भरती होती.

तिची उत्तरपत्रिका माझ्याकडे आली होती. पहिल्या पानावर तिने नेटकं लिहिलं होतं: ‘गोम – तराजू.’ खाली दुसरी ओळ: ‘भांड्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात.’ त्या दुसऱ्या ओळीवर पट्टी धरून सरळ रेघ मारली होती.

“का काट मारलीस?” मी तिला विचारलं. विचारायला नको होतं.

“तराजू सापडला होता ना, बाई,” ती म्हणाली. “आणि मी दोन म्हटलं की घाबरलेल्याला दोन दिसतात, असं होतं. स्टॉपवॉचच्या वेळी तुम्हीपण म्हणालात, मामांचं बरोबर आहे.”

मामांचा निरोपसमारंभ झाला नाही. आता ते घरीच असतात, खिडकीजवळच्या खुर्चीत. मामी मला काही बोलत नाहीत, मी मामींना काही बोलत नाही. दर शनिवारी मी जाते. बाकी सगळं पुसट झालंय त्यांचं, कॉलेज, शिबिरं, पोरांची नावं. तो एक दिवस मात्र काही केल्या पुसला जात नाही.

“घाई,” ते विचारतात, “त्या टेबलाचं अर्थिंग कुणी काढलं, कळलं का?”

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं, खरं सांगितलं तर हा माणूस आजच मरेल, आणि उद्या विसरून परत मरेल.

“मी काढलं, मामा.”

“तू?” ते खुर्चीत पुढे सरकतात. “भांड्याला करंट येईल हे माहीत होतं तुला?”

“माहीत होतं.”

“आणि गप्प राहिलीस?”

“गप्प राहिले.”

मग ते मला शिव्या देतात. जुन्या, लॅबमधल्या, खणखणीत. मी ऐकून घेते. दमले की ते तोंड फिरवतात आणि म्हणतात, “चालती हो. माझ्या पोरांच्या टेबलाला पुन्हा हात लावायचा नाही.”

मी बरं म्हणते, चपला घालते. पुढच्या शनिवारी दार उघडलं की त्यांचा चेहरा फुलतो. “ये गं घाई, बस,” म्हणतात, आणि चहा यायच्या आत मला तेच विचारतात.