साडूंच्या आरशावरचं कुंकू

घाई म्हणजे काय हे ठाऊकच नसलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. गंमत अशी, की जगातली सगळ्यात घाईची गोष्ट तयार करण्यात या माणसाची हयात गेली. नांदेडच्या एका कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात लेसरच्या उजेडाचे तुकडे पाडत. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले की त्यातल्या एका भागाला पिकोसेकंद म्हणतात. साडूंना दोन-चार पिकोसेकंदांत उरकणारी उजेडाची उचकी हवी होती. स्वतः मात्र चहाचा कप हातात आला की साय धरेपर्यंत फुंकत बसत. लातूरला माझ्या मुलीच्या लग्नाला पोहोचले तेव्हा मांडववाले कनाती सोडत होते. जेवायला हाक मारली की आतून उत्तर येई, "एका पिकोसेकंदात आलो!" मग माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, त्यांचं ताट झाकून मला म्हणायची, "दाजी, तुम्ही सुरू करा. ह्यांचा पिको लई मोठा राहतो."

त्यांचं लेसर म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढी चकती. वीज दिली की तिच्या कडेनं नव्हे, तर सरळ वरच्या अंगानं उजेड निघायचा. या जातीची बरीच लेसरं दुसऱ्या लेसरचा उजेड पिऊन चालतात, साडूंचं मात्र थेट विजेवर. त्याचा त्यांना कोण अभिमान! "परक्याच्या उजेडावर जगत न्हाई आपलं, साडूभाऊ." आता आमच्याकडच्या विजेवर विसंबायचं म्हणजे धाडसच, म्हणून त्यांनी अर्धापूरच्या एका केळीवाल्याकडून ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली होती. समोर दोन इवले आरसे. त्यातला एक मुलखाचा खाष्ट. किरकोळ उजेड आला तर गिळून टाकणार, गर्दी करून जोरात आला तरच परत पाठवणार. त्यामुळे उजेडाला एकटंदुकटं हिंडायची सोयच उरत नाही, तो गठ्ठ्यानं येतो. एवढं समजावायला साडूंनी माझा अर्धा दिवस घेतला. त्या खोलीत शिंकायला मनाई होती. एकदा मला शिंक येतेय असं दिसताच त्यांनी दंडाला धरून व्हरांड्यात नेलं, शिंक होऊ दिली आणि पुन्हा आत आणून बसवलं.

गेल्याच्या गेल्या दसऱ्यानंतर तीन आठवड्यांनी ते निवृत्त होणार होते आणि खोली रिकामी करून द्यायची होती. उजेडाचा ठोका पडत होता, पण जाड, दोन-चार पिकोसेकंदांत न मावणारा; हवा तसा बारीक होईना. आरसे केसभर इकडेतिकडे सरकवण्यात वर्षं गेली, आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कुठं सगळं जुळत आलं. नेमका मी तेव्हा माझ्या डाळ मिलची पूजा मुलावर सोपवून नांदेडला आलो होतो. खंडेनवमीला सकाळी कॉलेजात निघताना मेहुणीनं हळदकुंकवाची ताटली माझ्या हाती दिली. "ह्यांच्या मशिनीला बोट लावून या, दाजी. ह्यांना सांगितलं तर पुढच्या दसऱ्याला लावतील."

आमच्या मिलमध्ये मोटरीपासून वजनकाट्यापर्यंत एकही वस्तू त्या दिवशी कोरडी राहत नाही. साडू कोपऱ्यात चहा फुंकत होते. मी बॅटरीला लावलं, टेबलाला लावलं. मग तो खाष्ट आरसा दिसला. इतका लखलखीत, की मानाचं बोट त्यालाच उमटवलं आणि वर झेंडूही टेकवला.

"काय करून राहिले, साडूभाऊ!"

साडूंना पळताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आरशापाशी येऊन ते थांबले. एकदा आरशाकडे, एकदा माझ्या हातातल्या ताटलीकडे बघितलं आणि सवयीनं हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ते एवढंच म्हणाले, "असू द्या. आयुध हाय, पूजा तर पायजेच."

तो आरसा जोरानं पुसला तर कायमचा जायचा. म्हणून पुढचे दोन आठवडे त्यांनी त्यांच्या चालीनं तो पुसला, आणि उरलेल्या आठवड्यात जुन्या खुणांवरून सगळं पहिल्यापासून जुळवायला घेतलं. मिलमध्ये माझं लक्ष लागेना. निवृत्तीच्या दिवशी सकाळी फोन आला, "या. तुम्ही आल्याबिगर बंद करत न्हाई."

तीन तासांनी पोहोचलो तर साडू ठोका मोजायच्या यंत्राच्या पडद्यासमोर उभे. पडद्यावर एक हिरवी रेघ सरळ वर जाऊन तशीच खाली आलेली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण काहीतरी बोलायला हवं होतं.

"लई बारीक हाय हो," मी म्हणालो.

साडूंचे डोळे भरून आले. "हाय ना?" ते म्हणाले. "हाय ना बारीक?" आणि स्वतःच्या हातानं बॅटरीची वायर काढली.

ते लेसर आता कॉलेजच्या कुठल्याशा कपाटात आहे. त्या रेघेचा कागद मेहुणीनं चौकटीत घालून देवघरात लावलाय. गेल्या खंडेनवमीला तिनं पुन्हा ताटली माझ्याच हाती दिली. माझं बोट हवेतच अडलं. साडू चहा फुंकत होते. मान वर न करता म्हणाले, "लावा की. आता काय बिघडायलंय?"

मी लावलं. पण अगदी कडेला, रेघेला धक्का लागणार नाही असं.