हेल्गाबाईंच्या मूर्तीला गेलेला तडा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोलाही सांगितलं नाही — आणि आता तीही नाही.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. परदेशात, मरीन परेड भागात मुलाच्या काँडोत, म्हणजे सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये, आम्ही दोघं राहायला आलो होतो. शेजारी एक जर्मन विधवा — आमच्या हेल्गाबाई. त्यांच्या हॉलमध्ये लाकडात कोरलेली मेरी उभी होती. पाचशे वर्षांपूर्वीची, तिकडच्या कुठल्याशा खेड्यातल्या चर्चमधली. लिंडनच्या झाडाचं मऊ लाकूड, झग्याच्या चुण्यांत थोडा निळा रंग अजून टिकलेला. एकदा बाईंनी मला तिची पाठ दाखवली. आतून कोरून पोकळ केलेली. लाकूड पुढंमागं तडकू नये म्हणून कारागिरानंच ती काळजी घेतली होती. आणि मी?

बाई बहिणीकडे जर्मनीला निघाल्या तेव्हा किल्ली माझ्याकडे दिली. कुंड्यांना पाणी घालायचं, एसीला हात लावायचा नाही. इथल्या दमट हवेत लाकूड फुगतं, एकदम गार केलं की आक्रसतं. सगळं नीट समजावलं होतं. मला समजलंही होतं.

"त्या बाहुलीला रात्रंदिवस एसी, आणि आपल्याकडे तुम्ही पंखासुद्धा एकवर ठेवता!" ही टोमणा मारायची. खोटं नव्हतं ते. खोलीतून निघताना बटण बंद करायचं — जन्मभर दुसरं काय केलं मी? पहिल्याच दिवशी पाणी घालून निघालो आणि हात आपसूक भिंतीकडे गेला.

पुढच्या आठवड्यात दार उघडलं तर कोंदट वास. घाबरलो. एसी लावला — भरपाई म्हणून सगळ्यात गार. बाईंना फोन करता आला असता. केला नाही. त्या परतल्या तोवर मेरीच्या गालापासून छातीपर्यंत तडा गेला होता. निळे पोपडे जमिनीवर.

सोबत त्यांचा मुलगा आला होता. आई चष्मा विसरते, नावं विसरते, ही त्याची जुनी तक्रार. मध्ये एसी बंद राहिल्याशिवाय असा तडा जाणार नाही, असं म्हणत त्यानं विचारलं, एसी कुणी बंद केला होता?

"मी चालू ठेवून गेले होते," बाई म्हणाल्या. "मिस्टर काळे, तुम्ही आलात तेव्हा चालूच होता ना?"

मी म्हणालो — "नाही. बंद होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मग हळूच म्हणाल्या, "अशी कशी विसरले मी?"

त्यानंतर त्या लिफ्टपाशी जाऊन परत फिरायच्या, गॅस बंद आहे का पाहायला. मला विचारायच्या, आज मंगळवारच ना? मी हो म्हणायचो. तेवढं सांगायला माझी जीभ उचलायची! काही महिन्यांनी मुलानं फ्लॅट विकून त्यांना तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवलं. बाईंनी विरोध केला नाही. स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडालेलं माणूस कशाच्या जोरावर विरोध करणार? तिकडेच त्या वारल्या.

त्या एसी विसरल्या नव्हत्या. हे ठाऊक असलेला मी एकटाच, आणि मी त्यांची बॅग टॅक्सीपर्यंत नेऊन दिली.