आडवी फळी

बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडली की सुभद्रामावशी नेमकी त्याच वेळी काहीतरी झोंबणारं विचारायची. "औंदा नापास झालीस म्हणं?" आपण तावातावाने "कोण म्हणालं?" म्हणेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची. दौंडच्या पेठेतल्या या कासारणीने आमच्या रेल्वे कॉलनीतल्या झाडून सगळ्या मुलींना असं फसवलं होतं, आणि तरी दर सणाला आम्ही तिच्याचपुढे हात करत होतो.

नव्वद-ब्याण्णवच्या सुमारास तिचे यजमान गेले. बायका रिवाजाप्रमाणे तिच्या बांगड्या फोडायला पुढे आल्या, तेव्हा मावशीने दोन्ही हात पोटाशी घेतले. "नवरा गेलाय, धंदा न्हाई गेला. बांगडी माझा धंदा हाय. हात लावायचा न्हाई." रडत रडत म्हणाली, पण म्हणाली. पेठेला बोलायला विषय मिळाला, आणि आमची पेठ एकेक विषय पुरवून पुरवून वापरते.

पुढे धाकट्या दिराने, दत्तूभावजींनी, दुकानाचं रूप पालटायचं मनावर घेतलं. जुन्या दुकानात होतं तरी काय? एक मळकी गादी, भिंतीवर दोरीत ओवलेल्या बांगड्या आणि एक पिवळा दिवा. भावजी पुण्याची दुकानं बघून आले होते. त्यांनी काचेचं शोकेस आणलं, आरसे आणले, ट्यूबलाइटी आणल्या. आणि मागच्या बाजूला प्लायवूडची एक उभी फळी ठोकायची ठरवली. पुढे भांडगावची एक मुलगी पगारावर बसणार, फळीआड मावशी माल निवडणार. भावजी दुष्ट नव्हते, भित्रे होते.

"वहिनी, लोक बोलत्यात," ते म्हणाले. "लग्नाचा चुडा म्हंजी सवाष्णीच्या हातचा लागतो. तुम्ही आत निवांत बसा की."

मी आणि आई त्या वेळी रिबिनी घ्यायला गेलो होतो. सुतार फळीवर पेन्सिलीने खुणा करत होता. मावशीने फळीचं एक टोक धरलं, सुताराला दुसरं धरायला लावलं, उंबऱ्यापाशी दोन खोक्यांवर फळी आडवी टाकली आणि तिच्यावर पार रस्त्याच्या तोंडाशी मांडी घालून बसली.

"उभी केली तर आडोसा, आडवी टाकली तर बैठक. हितंच ठोक रं. आन् भावजी, ती नवी ट्यूब माझ्या डोक्यावर लावा. ज्याला बघायचंय त्याला नीट दिसू द्या."

दुकान झकास झालं. क्लिपा, टिकल्या, नेलपॉलिश भराभर खपू लागलं. बैठक मात्र रिकामी. लग्नसराई लागली तरी चुडे भरायला मुली पलीकडच्या गल्लीत जात होत्या. टिकल्या काय, कुणीही विकतं; चुडा गेला तर कासारणीचं उरतं काय? भावजी रोज विनवायचे, फळी उभी करू. मावशी हिरव्या बांगड्या फडक्याने पुसत तिथेच बसायची. "हात येतील," म्हणायची. "न्हाई आले तर माझे दोन हायतच."

त्याच सराईत माझं लग्न ठरलं. माझी आई बाबांच्या जागी रेल्वेत लागलेली; ते गेल्यापासून तिच्या हातात फक्त घड्याळ. चुडा सुभद्राताईंकडेच भरायचा, असं ती म्हणाली, तेव्हा निमोण्याहून आलेल्या आत्याने कपाळाला हात लावला. "अगं, एक इधवा भरणार आन् दुसरी शेजारी बसणार? पोरीचा तरी इचार कर!" आई चपला घालून निघाली. आत्या पाठोपाठ आली, पण रस्त्यावरच उभी राहिली.

मी बैठकीवर बसून हात पुढे केला.

"सासू लई खाष्ट हाय म्हणं?" मावशीने विचारलं. मी उसळले, आणि पहिली बांगडी गेली. बघता बघता चुडा भरला. रस्त्यावर बायका थबकून बघत होत्या. मग मावशी आईकडे वळली.

"आता तुझा हात, कुसुम."

आईने हात पदराखाली घेतला. मावशीने तो ओढून काढला आणि घड्याळाच्या वर बोटं दाबली. "तुझं अक्षर तुझ्या सायबाला कळत न्हाई म्हणं?"

"कोण म्हणतं?" माझी गरीब गाय आई भर पेठेत कडाडली. तोवर बांगडी घड्याळापाशी जाऊन पोचली होती. आई आधी हसली, मग रडली, आणि मग दुसरा हात तिने आपणहून पुढे केला. आत्या तरातरा एसटी स्टँडकडे निघून गेली. लग्नाच्या जेवणाला मात्र वेळेवर हजर होती.

दुसऱ्या दिवशी बैठकीवर झुंबड उडाली असं काही झालं नाही. आधी कॉलनीतल्या एकदोघी आल्या, मग बऱ्याच दिवसांत बांगडी न भरलेल्या काही जणी आल्या, आणि पुढच्या सराईपर्यंत भावजी फळीला रेक्झिन लावायचं म्हणू लागले.

मावशी गेली तेव्हा मी माहेरीच होते. आईबरोबर गेले. न्हाऊ घालताना एक जाणती बाई तिच्या मनगटाशी वाकली. "इधवेला बांगड्यांसकट कसं न्यायचं? काढा त्या."

आई गर्दीतून पुढे झाली. मावशीचं गार मनगट तिने दोन्ही हातांनी धरलं, तशा तिच्या स्वतःच्या बांगड्या वाजल्या.

"बांगडी तिचा धंदा हाय," आई मावशीच्याच बोलीत म्हणाली. "हात लावायचा न्हाई."

कुणी लावला नाही.