बेसिल तुस्कानोंनी काम थांबवलं तो दिवस

आमच्या भुईगावचे बेसिल तुस्कानो वीसेक वर्षं दुसऱ्यांचं बोलणं टाइप करत आले. वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या एका छोट्या कंपनीत त्यांची नोकरी. आयर्लंडमधले काही डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याचा अहवाल तोंडी बोलून ठेवतात. ती रेकॉर्डिंग इकडे यायची आणि इकडची माणसं कानाला हेडफोन लावून लिहून काढायची. डॉक्टरांचे चेहरे बेसिलना कधी दिसले नाहीत, पण आवाज सगळे ओळखीचे. कुणाला सर्दी झालीय, कुणाची सुट्टी जवळ आलीय, हे त्यांना इथे बसून कळायचं. घरी बायकोशी, ग्रेसीशी, ते या डॉक्टरांविषयी असं बोलत की ती माणसं शेजारच्या वाडीत राहतात असंच वाटावं.

मग एआय आलं आणि दिवसभराचं टायपिंग चहा संपायच्या आत व्हायला लागलं.

कंपनीच्या प्रमुख क्षितिजा मॅडम. खाडीकाठच्या शेतकरी घरातली मुलगी, इंजिनियर होऊन परत वसईतच आलेली. बेसिलपेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि सरळ सांगितलं, "टायपिंगचं काम वर्षभरात संपेल. मी सगळ्यांना ठेवू शकणार नाही, खोटं आश्वासन देणार नाही. ज्यांना यंत्राने लिहिलेलं तपासायचं काम शिकायचंय त्यांना ऑफिसच्या वेळात शिकवू. ज्यांना दुसरीकडे जायचंय त्यांच्यासाठी मी स्वतः फोन करीन."

त्यांनी ते फोन खरंच केले. तरीही ते वर्ष सोपं गेलं नाही. बेसिलच्या बाजूच्या टेबलावर बसणारे रमेश रागावूनच गेले, निरोपाचा चहाही घेतला नाही. बेसिल राहिले. नवं काम शिकताना ते पहिल्या परीक्षेत नापास झाले, दुसऱ्यांदा कसेबसे पास झाले.

त्याच सुमारास युरोपात एआयबद्दलचे नियम कडक व्हायला लागले होते. रुग्णालयांनी नव्या करारात अट घातली: यंत्रावर देखरेख करणारा माणूस हवा आणि शंका आली तर यंत्र थांबवायचा अधिकार त्याला हवा. क्षितिजा मॅडमच्या ओळखीच्या काहींनी सल्ला दिला की एक नाव कागदावर लिहून टाका, कोण विचारतंय. मॅडमनी ऐकलं नाही. त्यांनी बेसिलना केबिनमध्ये बोलावलं.

"बेसिल सर, हे काम तुम्ही घ्या."

"मॅडम, मी तर नापास झालो होतो."

"तुम्ही तेव्हा प्रत्येक ठिकाणी जास्त वेळ घेतलात म्हणून नापास झालात. मला घाईवाला माणूस नकोय. थांबवायचं वाटलं तर मला विचारायलाही येऊ नका. थांबवा, मग सांगा."

काही महिने थांबवायची वेळच आली नाही. मग एका सकाळी बेसिल एका वयस्कर हृदयरोगतज्ज्ञाची रेकॉर्डिंग ऐकत होते. नाव त्या डॉक्टरांचं, पण आवाज त्यांचा नव्हता. जाड, घोगरा, शब्द अडखळणारे. यंत्राने मात्र सगळं बिनतक्रार लिहिलं होतं. बेसिलनी पुन्हा ऐकलं, आदल्या वर्षीची रेकॉर्डिंग काढून ताडून पाहिली. कुणी तिऱ्हाईत त्या डॉक्टरांच्या नावाने औषधं लिहून देत असेल तर? त्यांनी त्या रुग्णालयाचं सगळं काम थांबवलं आणि मॅडमना जाऊन सांगितलं.

दिवसभर तिकडचे अहवाल अडकून पडले. पेशंट घरी जायला खोळंबले, व्यवस्थापकाचे फोनवर फोन आले. संध्याकाळी खुलासा झाला. आवाज त्याच डॉक्टरांचा होता. घशाचं ऑपरेशन होऊन ते नुकतेच कामावर परतले होते.

म्हणजे यंत्र बरोबर होतं आणि बेसिल चुकले होते. त्यांनी बॅग आवरायला घेतली. ग्रेसीला काय सांगायचं याची जुळवाजुळव करतच ते केबिनमध्ये गेले.

मॅडम पत्र टाइप करत होत्या. त्यांनी स्क्रीन बेसिलकडे वळवली. रुग्णालयाला लिहिलं होतं की झालेल्या खोळंब्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत, पण आमच्या माणसाला आवाज अनोळखी वाटला म्हणून त्याने काम थांबवलं. तुम्ही आमच्याकडून मागितलेली देखरेख ती हीच, आणि हे काम यापुढेही तोच माणूस पाहील.

"मॅडम, चूक माझी झाली."

"झाली. एका डॉक्टरसाठी अख्खं रुग्णालय थांबवायला नको होतं, आधी तिकडे फोन करायला हवा होता. ते उद्या दोघं बसून ठरवू. पण आज मी तुम्हाला बोलले ना सर, तर पुन्हा या ऑफिसात कुणीही काही थांबवणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेच सगळ्यांसमोर सांगितलं. बेसिल खाली मान घालून ऐकत होते. बाजूला बसलेल्या टिफनीने, तपासणीत नव्यानेच लागलेल्या मुलीने, हळूच त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत याच टिफनीने एक अहवाल अडवला. डॉक्टर पुटपुटले होते आणि यंत्राने डाव्या गुडघ्याचा उजवा केला होता. तिने आधी फोन केला, तेवढाच एक अहवाल थांबवला, आणि तो दुरुस्त होऊन गेला.

त्यानंतरच्या रविवारी मिस्सा संपल्यावर बेसिल चर्चमध्ये मागे रेंगाळले. त्यांनी त्या आयरिश डॉक्टरांसाठी एक मेणबत्ती लावली. मी बाहेर थांबलो होतो. एवढी मोठी चूक होऊन चेहरा इतका हलका कसा, असं मी विचारलं.

"अरे, माझी नोकरी राहिली म्हणून बरं वाटतंच," ते म्हणाले. "पण इतकी वर्षं मी फक्त दुसऱ्याचे शब्द लिहिले. माझ्या शब्दावर कुणी काम थांबवू दिलं, आणि तो शब्द चुकल्यावरही माझ्या पाठीशी उभं राहिलं, असं पहिल्यांदाच झालं. देवाचे आभार मानले, आता त्या बाईचे मानायचेत."

सोमवारी ते ग्रेसीने बांधून दिलेली सुकेळी, आमच्याकडची वाळवलेली केळी, घेऊन स्कूटरवरून एव्हरशाईनला गेले. मॅडम मीटिंगमध्ये होत्या. बेसिलनी पुडकं त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि हेडफोन कानाला लावले. पहिली रेकॉर्डिंग त्याच डॉक्टरांची होती. घसा आता बराच मोकळा झाला होता.