काजळीची शाल

आमच्या बजाजनगरजवळच्या एका कारखान्यातलं कोळशाचा बॉयलर बंद व्हावा, म्हणून मी महिला मंडळाच्या बायकांना घेऊन मालकाकडं गेले. मी सांगत होते की, या धुरानं हवा तापते आणि समुद्रसुद्धा तापतो. मालक हसला. "ताई, समुद्र बघितलाय का कधी?"

माझा नवरा तिथंच फिटर होता. पुढच्याच आठवड्यात त्याला कामावरून काढलं. तो म्हणाला, "जाऊ दे आता." मी जाऊ दिलं नाही.

हिवाळ्यात कॉलनीच्या मैदानावर त्याच मालकाचा पर्यावरणप्रेमी म्हणून सत्कार ठरला. शाल पांघरायचं काम मी महिला मंडळाच्या वतीनं मागून घेतलं. एक पांढरी शाल कितीतरी दिवस गच्चीवर वाळत ठेवली, एकदाही झटकली नाही. तिच्यावर काजळीचा थर बसला. मग काळी बाजू आत घेऊन तिची घडी घातली.

स्टेजवर मी ती त्याच्या पांढऱ्या सफारीवर पांघरली आणि खांद्यांवर चांगली दाबली.

"हे काय?" तो दातओठ खात म्हणाला.

मी माईक घेतला. "तुमच्याच चिमणीची काजळी आहे साहेब. आमच्या पोरांच्या छातीत रोज जाते."

मागच्या बायका हसत सुटल्या. त्याच्या काळ्या झालेल्या सफारीचा फोटो गावभर फिरला. तपासणी झाली, आणि पुढं बॉयलर गॅसवर आला.

नवऱ्याची नोकरी मात्र परत मिळाली नाही. परवा बँकेत मालक समोर आला आणि मला बघून मान खाली घालून दुसऱ्या रांगेत गेला. मला लई बरं वाटलं.