कुंपणाशी रुजलेली कोय

अंगणाच्या कडेला टाकलेली आंब्याची कोय रुजली आहे. तांबूस, लवलवती चार पानं. बायको म्हणाली, "अहो, बघा तरी, किती गोड दिसतंय!" मला मात्र ते बघवेना.

नोकरीत असताना आमची पलटण समुद्रापलीकडच्या एका देशात होती. छावणी तात्पुरती आहे, असं पहिल्या दिवसापासून सांगत होते. तंबू जाऊन पत्र्याच्या खोल्या आल्या, खोल्यांत फरशी आली, तरी शब्द तोच राहिला. आमचे हवालदार शिंदे मूळचे शेतकरी. आंबा खाऊन झाल्यावर सवयीनं त्यांनी कोय फाटकाजवळ कुंपणाशी पुरली. तोंड धुतल्याचं पाणीही ते तिलाच घालायचे.

फाटकाशी रोज भाजी विकायला येणाऱ्या म्हातारीनं एकदा ते रोप पाहिलं. दुभाष्याकरवी तिनं विचारलं, "याला फळ कधी येणार?"

शिंदे कौतुकानं म्हणाले, "सात-आठ वर्षं तरी लागतील, आजी."

तिनं मांडलेली भाजी परत टोपलीत भरली आणि निघून गेली.

परक्याच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिलेला माणूस आज ना उद्या जाईल, असं लोक धरून चालतात. त्यानं झाड लावलं की ती आशा संपते. आणि आपण इथं रुजलो असं वाटू लागलेल्या शिपायाची नजरही सैल पडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी कुणीच आलं नाही. शिंदे वाटेकडे पाठ करून रोपाला पाणी घालत होते. वाट लांबवर रिकामी होती, आणि वारा नसताना तिच्या कडेची झाडी हलत होती.